कंपनीकडे काय मागावे? : कपिलधारच्या परिसरातील अभ्यासिकांविषयी

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मराठवाडा, कर्नाटक आणि तेलंगण येथून वीरशैव भाविकांच्या दिंड्या संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी कपिलधारच्या दरीत उतरू लागतात, तेव्हा बालाघाटाच्या त्याच डोंगररांगेतील वाड्यावस्त्यांवर अनेक घरांना कुलपे लागलेली असतात. कारण दसरा-दिवाळी आटोपली न आटोपली तोच मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बैलगाड्यांवर आणि ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात, आणि कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारणपणे फाल्गुन-चैत्रापर्यंत, ती परतत नाहीत. त्यांची काही मुले त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर जातात, काही आजी-आजोबांपाशी गावात राहतात. या मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाखाण्यासाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आखली आहे. 2021 साली संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक अशी 82 शासकीय वसतिगृहे काढण्याचेही ठरले. दिवसाची शाळा जिल्हा परिषदेची आहे, दुपारचा आहार शाळेत आहे. उरतो तो शाळा सुटल्यापासून निजेपर्यंतचा काळ, आणि ज्या घरात सहा महिने अक्षर वाचून दाखवणारे कोणी नसते त्या घरातील मुलाच्या शिक्षणाची खरी हानी याच काळात होत असते.

या काळासाठी गावात अभ्यासिका चालवावी आणि तिचा खर्च एखाद्या कंपनीने उचलावा, अशी इच्छा मांजरसुंबा, लिंबागणेश, कपिलधारवाडी या टापूतील अनेक मुख्याध्यापकांच्या, सरपंचांच्या आणि लहान संस्थांच्या चिटणिसांच्या मनात असणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. सर्व विवेचनाच्या मुळाशी असलेले माझे मत आरंभीच सांगून टाकतो. कंपनीकडे वस्तू मागू नये, माणूस मागावा; तो एका वर्षासाठी मागू नये, निदान तीन वर्षांसाठी मागावा; आणि त्याच्या मानधनाचा पहिला हप्ता दसऱ्याच्या आत हाती पडेल अशी तजवीज चैत्रातच करावी. दप्तरे, पाट्या, टॅबलेट, रंगवलेल्या भिंती हे सारे देण्यास दाते सहज तयार होतात, कारण त्यांचे छायाचित्र निघते. संध्याकाळी दोन तास मुलांजवळ बसणाऱ्या शिक्षिकेचे मानधन मागितले की मात्र चेहरे गंभीर होतात. पण अभ्यासिका म्हणजे ती शिक्षिकाच होय. ती नसेल तर उरलेले सारे साहित्य कपाटात कुलूपबंद होऊन पडते.

आता कायद्याकडे वळू, कारण अर्जदाराचा दीनवाणेपणा नाहीसा होण्यास त्याचे ज्ञान फार उपयोगी पडते. कंपनी अधिनियम, 2013 चे 135 वे कलम 1 एप्रिल 2014 पासून अमलात आले. त्यान्वये ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी रुपये, किंवा उलाढाल 1000 कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एका तरी मर्यादेपर्यंत पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या निदान 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. कोणत्या कार्यावर, हे त्या अधिनियमाच्या सातव्या परिशिष्टात दिले असून शिक्षणाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा आपण कंपनीच्या दारात याचक म्हणून उभे नसतो. तिच्यावर असलेले एक कर्तव्य नीट पार पाडण्याचा मार्ग आपण तिला दाखवत असतो. मात्र ते कर्तव्य समाजाप्रती आहे, अमुक गावाप्रती किंवा अमुक संस्थेप्रती नव्हे, हेही अर्जदाराने विसरू नये आणि हक्काच्या भाषेत तगादा लावू नये.

अर्ज कोणाकडे करावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या भागात वाटते तितके सोपे नाही. साखर कारखान्यांकडे सर्वप्रथम दृष्टी जाते आणि ती न्याय्यच आहे, कारण या मुलांचे आईबाप ज्यांचा ऊस तोडतात त्यांनी या मुलांची संध्याकाळ सांभाळावी, याहून सरळ न्याय तो कोणता! परंतु 135 वे कलम कंपन्यांना लागू आहे, आणि सहकार कायद्याखाली नोंदलेला सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे. त्याच्याकडे 2 टक्क्यांची मागणी घेऊन गेल्यास पहिल्याच भेटीत आपले अज्ञान उघडे पडते. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या महामंडळाला टनामागे आम्ही रक्कम देतोच, असे उत्तरही तेथे मिळू शकते. सहकारी कारखान्याकडे जावयाचे ते संचालक मंडळाच्या ठरावासाठी, आणि तेही शक्यतो त्या कारखान्याला वर्षानुवर्षे टोळ्या पुरवणाऱ्या मुकादमाला बरोबर घेऊन. त्याच्या शब्दाला तेथे आपल्या अर्जापेक्षा अधिक वजन असते. खासगी साखर कारखाना मात्र कंपनी असतो आणि वर सांगितलेल्या मर्यादांत बसत असेल तर कायद्याने बांधलेला असतो. आम्ही आमच्या कार्यक्षेत्राबाहेर खर्च करीत नाही, असे त्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितल्यास नम्रपणे दोन गोष्टी मांडाव्यात. पहिली अशी की, स्थानिक क्षेत्राला प्राधान्य देण्याची कलमातील तरतूद मार्गदर्शक आहे, अनिवार्य नाही, असा खुलासा केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने केलेला आहे. दुसरी अशी की, ज्या गावांतून मजूर गेल्यावाचून कारखान्याचे गाळप सुरू होत नाही ती गावे त्याच्या कार्यक्षेत्राबाहेरची कशी मानावीत?

जिल्ह्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्या मालक कंपन्यांचे तर हे अक्षरशः स्थानिक क्षेत्र होय. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. असे प्रकल्प पुष्कळदा त्या एकाच कामासाठी स्थापन केलेल्या लहान कंपनीच्या नावावर असतात, आणि तिचा नफा कलमाच्या मर्यादेपर्यंत पोहोचलेला नसतो. अशा वेळी अर्ज मूळ कंपनीच्या मुख्य कचेरीकडे करावा लागतो. कोणत्या कंपनीने मागील वर्षी कोठे व किती खर्च केला, याची माहिती तिच्या वार्षिक अहवालातच छापलेली असते. ती वाचल्याशिवाय अर्ज लिहू नये. ज्या कंपनीने आजवर केवळ आरोग्यावर खर्च केला आहे तिला शिक्षणाकडे वळवण्यात एक वर्ष खर्ची पडेल. जिने शिक्षणावर केला आहे तिच्याकडे आधी जावे.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. कंपनीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. ऊसतोड्याच्या मुलाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते आणि गुढीपाडव्याच्या आसपास संपते. या दोन पंचांगांचा मेळ न बसल्यामुळे चांगल्या हेतूने दिलेले साह्य वाया जाते. कंपनीची समिती वर्षारंभी कृती-आराखडा तयार करते आणि संचालक मंडळ त्याला मंजुरी देते; त्या आराखड्यात ज्याचे नाव नाही त्याला पुढे बहुधा वर्षअखेरीची शिल्लकच मिळते. ती शिल्लक फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईघाईने वाटली जाते, आणि तेव्हा फडावरची माणसे परतीच्या तयारीत असतात. म्हणून अर्ज चैत्रात द्यावा, ज्येष्ठ-आषाढात कंपनीच्या अधिकाऱ्याला गाव दाखवावे, करारनामा गणेशोत्सवापूर्वी पूर्ण करावा, आणि पहिला हप्ता आगाऊ मिळावा अशी अट त्यात स्पष्ट घालावी. कामाचा अहवाल आल्यावर पैसे देऊ, ही पद्धत मोठ्या संस्थांना परवडते; डोंगरातल्या लहान संस्थेची शिक्षिका दोन महिने विनामानधन राहिली तर तिसऱ्या महिन्यात ती दुसरे काम धरते आणि अभ्यासिका बंद पडते.

इतके करूनही एखादी कंपनी मार्चमध्येच रक्कम देऊ करील. ती नाकारू नये, परंतु एक विनंती अवश्य करावी: संचालक मंडळाने आपले काम बहुवर्षीय चालू प्रकल्प म्हणून मान्य करावे आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याला प्रारंभ झाल्याची नोंद व्हावी. तसे झाले, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत एका स्वतंत्र बँक खात्यात ठेवता येते व पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते. तसे न झाल्यास शिल्लक रक्कम सहा महिन्यांच्या आत शासननिर्दिष्ट निधीत भरावी लागते, आणि म्हणून अधिकारी काहीही करून 31 मार्चपूर्वी पैसे संपवण्याच्या मागे लागतात. वस्तूंच्या खरेदीचा मोह येथूनच जन्म घेतो.

माणूस मागताना आणखी एक आक्षेप हमखास येतो. पगारावर 5 टक्क्यांहून अधिक खर्च कायद्याला मान्य नाही, असे काही अधिकारी प्रामाणिक समजुतीने सांगतात, आणि बिचारे अर्जदार मानधनाचा आकडा कापून पाट्यांचा वाढवतात. वस्तुतः 5 टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या सामाजिक कार्याच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चावर आहे; विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख व मूल्यमापन यांवर प्रत्यक्ष होणारा खर्च नियमांनीच त्यातून वगळला आहे. अभ्यासिकेतील शिक्षिकेचे मानधन हा अंमलबजावणीचा खर्च आहे. अंदाजपत्रकात तो त्याच शीर्षकाखाली, सर्वांत वर आणि न लाजता लिहावा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. 1 एप्रिल 2021 पासून, कंपनीचा असा निधी स्वीकारून प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 या नमुन्यात केंद्र सरकारकडे नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. संस्था नोंदणीकृत न्यास वा सोसायटी असावी, आयकर खात्याकडील 12ए व 80जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या तिच्याकडे असाव्यात, आणि तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव असावा, अशी अपेक्षा आहे. धर्मादाय कार्यालयातील दप्तर मात्र बहुतेकांचे अपुरे असते: दिवंगत विश्वस्ताचे नाव परिशिष्टावर तसेच राहिलेले असते, फेरफार अर्ज प्रलंबित असतो, एखाद्या वर्षाचा ताळेबंद दाखलच झालेला नसतो. हे आधी निस्तरावे. ज्या गावात अशी पात्र संस्था नाही तेथे नवी संस्था काढण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा, जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वर्षानुवर्षे काम करणाऱ्या एखाद्या जुन्या संस्थेची शाखा म्हणून काम करणे श्रेयस्कर. शिरूर कासार तालुक्यातील आर्वीचे ‘शांतिवन’ हे अशा कामाचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

शिक्षिका कोण असावी? शाळेतील गुरुजींनाच मानधन देऊन बसवावे हा विचार प्रथम सुचतो, पण शिक्षणहक्क कायद्याच्या 28 व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणीस मनाई केली आहे, आणि असा व्यवहार पुढे त्यांच्याच अंगाशी येऊ शकतो. गुरुजींचे साह्य मार्गदर्शनाचे असावे. कामासाठी गावातीलच बारावी किंवा डी.एड. झालेली मुलगी अथवा सून निवडावी. ती दिवाळीनंतर गाव सोडून जाणाऱ्या घरातली नसावी, किंवा हे मानधन मिळाल्यामुळे तिला जावे लागू नये, हे अधिक चांगले. पंचवीस-तीस मुलांमागे एक याहून अधिक भार तिच्यावर टाकू नये, आणि प्रत्येक ठिकाणी दोघीजणी असाव्यात. एकटीवर उभी असलेली अभ्यासिका तिच्या पहिल्या आजारपणात मोडते. जागा शाळेचीच उत्तम. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव व गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लेखी घ्यावी. एखाद्या देवस्थानाचा भक्तनिवास यात्रेखेरीजच्या दिवसांत रिकामा राहत असेल तर विश्वस्तांना विचारून पाहण्यास हरकत नाही.

शिकवावयाचे काय, यावर पुष्कळांनी विचार केलेला आहे आणि तो आयता उपयोगी पडण्यासारखा आहे. मुंबईत 1988 साली सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलने स्थलांतरित मजुरांच्या मुलांपर्यंत वर्ग नेले. मुंबईतच जन्मलेल्या ‘प्रथम’ संस्थेने मुलाची इयत्ता न पाहता त्याला प्रत्यक्ष किती वाचता येते हे पाहून गट पाडण्याची पद्धत रूढ केली, आणि 2005 पासून तिच्या ‘असर’ या पाहण्यांनी, पाचवीतील कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही हे सत्य देशापुढे ठेवले. हीच पद्धत आपण घ्यावी. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या क्रमाने वाचावयास द्यावे आणि ते जेथे अडते तेथून त्याला पुढे न्यावे, मग ते चौथीत असो वा सातवीत. गृहपाठ उतरवून घेणे हे अभ्यासिकेचे काम नव्हे, असे मी आग्रहाने म्हणेन. कारण एकदा तो पायंडा पडला की वाचता न येणारे मूलही सुबक अक्षरात वही भरून दाखवते आणि सारे समाधान पावतात. मुंबईच्याच ‘आकांक्षा’ने 1991 मध्ये शाळेनंतरच्या केंद्रांपासून आरंभ केला आणि पुढे महानगरपालिकेच्या शाळाच चालवावयास घेतल्या. संध्याकाळच्या दोन तासांना मर्यादा आहेत, हे कंपनीलाही आणि स्वतःलाही सांगितलेले बरे.

जी मुले फडावर गेली त्यांचे काय? शाळेने त्यांना शिक्षण हमी पत्रक दिले आहे ना, एवढे अभ्यासिकेने दसऱ्यापूर्वी पाहावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसता येईल. ती परतली म्हणजे चैत्रापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ त्यांच्यासाठी राखावा. बहुतेक प्रस्तावांत उन्हाळ्याचे महिने ‘सुट्टी’ म्हणून कोरे सोडलेले असतात. या भागात तसे करणे म्हणजे ज्यांचे नुकसान सर्वांत मोठे त्यांनाच दाराबाहेर ठेवणे होय.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो. आई फडावर गेलेल्या घरात दहा-अकरा वर्षांची मुलगी पाणी भरते, भाकरी थापते आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेते. अभ्यासिकेत लहान मुलांना आणू नये, असा नियम केला की ती येत नाही. म्हणून धाकट्यांसाठी एक सतरंजी, थोडी खेळणी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ यांची तरतूद अंदाजपत्रकात उघडपणे करावी. मार्गशीर्षात सहाच्या सुमारास दिवेलागण होते. तेव्हा मुलींना घरी पोहोचवण्याची जबाबदारी नाव घालून कोणावर तरी सोपवावी आणि त्यासाठीही मोबदला धरावा. अभ्यासिकेत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, आणि 1098 हा बालकांसाठीच्या साह्याचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. कंपनीचे अधिकारी असोत की गावचे पुढारी, कोणीही मुलांबरोबर एकट्याने थांबू नये. हा नियम करारनाम्यातच असावा, म्हणजे सांगताना संकोच होत नाही.

कंपनीला अहवाल हवा असतो आणि तो मागण्याचा तिला अधिकार आहे. पण काय मोजावयाचे हे आपणच आधी सुचवावे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दरमहा हजेरी किती, आरंभी व अखेरीस प्रत्येक मूल वाचनाच्या कोणत्या पायरीवर होते, आणि आजी-आजोबांपाशी सोय झाल्यामुळे यंदा किती मुले फडावर न जाता गावात राहिली, हे तीन आकडे पुरेत. यांतला तिसरा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. सर्व मुले परीक्षेत प्रथम श्रेणीत येतील, अशी हमी कोणी मागितल्यास ती देऊ नये. छायाचित्रांविषयी तर कठोर असावे: मुलांना रांगेत उभे करून, हातात कंपनीचे नाव छापलेली वस्तू देऊन, ‘गरीब ऊसतोड मजुराचे मूल’ अशा ओळीखाली चित्र प्रसिद्ध करणे हा त्या मुलाचा अपमान आहे, आणि तो तीन वर्षांच्या मानधनाच्या बदल्यातही पत्करू नये. खोलीच्या दारावर साह्याची पाटी लावावी, गावाच्या सभेत आभार मानावेत. पालकांची लेखी संमती घेऊन मुलांनी केलेल्या कामाचे चित्र द्यावे. मुलांच्या हातून कंपनीच्या मालाची जाहिरात होऊ देऊ नये.

हिशेबाच्या बाबतीत मी कोणतीही सवलत सुचवणार नाही. प्रकल्पाचे खाते स्वतंत्र असावे, मानधन दरमहा ठरलेल्या तारखेस थेट बँकेत जमा व्हावे, आणि जमाखर्चाचा एक पानी गोषवारा दर तिमाहीस शाळेच्या फलकावर लावावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. त्यांच्यासमोर तो गोषवारा वाचून दाखवावा. हंगामाच्या काळात त्यांतील अनेकजण गावात नसतात, म्हणून चैत्रातील बैठक चुकवू नये. बांधकाम किंवा मोठी वस्तू निधीतून झाली असल्यास तिची मालकी कोणाची, हे नियमांनी ठरवून दिले आहे. ती नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर राहते, कंपनीच्या नावावर नव्हे. शाळेच्या आवारातील काम असेल तर ते जिल्हा परिषदेच्या नावे करून घ्यावे.

शेवटचा मुद्दा तिसऱ्या वर्षाचा. कंपनी कधी तरी जाणार, हे पहिल्याच दिवशी गृहीत धरावे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपासून मानधनाचा काही भाग ग्रामपंचायतीने, काही भाग गावातून पुण्या-मुंबईत नोकरीस गेलेल्या मंडळींनी उचलावा, असा प्रयत्न सुरू करावा. रक्कम आरंभी अल्प असली तरी चालेल, पण ती नियमित असावी. नव्या दात्याकडे जाताना जुन्या अहवालांची प्रत बरोबर असावी. आणि करार संपण्याच्या तीन महिने आधी प्रत्येक मुलाच्या वाचनाची नोंदवही, हजेरीपट, हिशेबाची दप्तरे व साहित्याची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या ताब्यात देऊन तिच्या अध्यक्षांची पोच घ्यावी, म्हणजे संस्था बदलली, कंपनी बदलली, तरी पुढच्या दसऱ्याला येणाऱ्या शिक्षिकेला कोणते मूल कोठे अडले आहे हे पहिल्याच संध्याकाळी कळेल.